तिनेच पुढे केलेला कागद

स्टॉकहोमच्या राजवाड्याच्या बाहेरच्या अंगणात एका बाईचा पुतळा आहे. दुपारी तिथे पहारा बदलायचा कार्यक्रम असतो, बँड वाजतो, सगळे मोबाईल वर धरून उभे असतात, आणि जवळजवळ सगळ्यांची पुतळ्याकडे पाठ असते. माझीही होती, कितीतरी वर्षं. आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिला गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहवेना, बसायला जागा शोधता शोधता तिची नजर त्या पुतळ्यावर गेली आणि तिने विचारलं, "ही कोण गं बाई? राणी का?"

मी म्हटलं राणी नाही. मग कोण, ते मला एका वाक्यात सांगताच येईना. वाचलेलं बरंच होतं, पण सुरुवात कुठून करायची? घरी आल्यावर भाजी निवडता निवडता मी आईला जेवढं जमेल तेवढं सांगितलं, आणि त्यानंतर आईने जे एक वाक्य म्हटलं त्यामुळे हा लेख लिहितेय. त्या वाक्याकडे नंतर येते.

तिचं नाव क्रिस्टिना. क्रिस्टिना निल्सदोत्तेर, म्हणजे निल्सची मुलगी. युलेनशेर्ना हे घराण्याचं नाव तिला आपण आज लावतो, अर्थ सोन्याचा तारा, कारण घराण्याच्या ढालीवर तारा होता. तेव्हा स्वीडनमध्ये आडनावं अशी नव्हतीच, बापाचं नाव आणि ढालीवरचं चिन्ह, त्यावरून माणूस ओळखायचे, आणि लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नसे. ती शेवटपर्यंत निल्सची मुलगीच राहिली. जन्म १४९४ चा. वडिलांचं घराणं मूळचं डेन्मार्कचं, पण वडिलांची आजोळची बाजू म्हणजे कार्ल क्नुत्सन, जो स्वीडनच्या गादीवर तीनदा बसला आणि त्यातून दोनदा उठवला गेला. क्रिस्टिना त्याची पणती. आईचं नाव सिग्रिद. सिग्रिदचं हे दुसरं लग्न, पहिल्या लग्नाची मुलगी सेसिलिया, आणि त्या सेसिलियाचा मुलगा गुस्ताव वासा, जो पुढे राजा झाला. म्हणजे क्रिस्टिना नात्याने गुस्ताव वासाची मावशी, पण वयाने जवळपास बरोबरीची. ही नाती लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत मारणारे आणि मरणारे, धरून नेणारे आणि सोडवणारे, सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात.

१५११ च्या नोव्हेंबरात, सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा स्तेन स्तुरे, तिच्यापेक्षा जेमतेम वर्षाने मोठा. सासरा स्वान्ते निल्सन तेव्हा राज्याचा कारभारी होता. कारभारी हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. १३९७ पासून डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका राजाखाली असायचे, कालमारचा संघ म्हणतात त्याला, पण स्वीडनमधल्या पुष्कळांना डेन्मार्कचा राजा नको असायचा, म्हणून मग गादी रिकामी ठेवायची आणि एका मोठ्या सरदाराने राजाशिवाय राज्य चालवायचं. लग्नाला दोन महिने व्हायच्या आत सासरा वारला आणि १५१२ मध्ये स्तेन कारभारी झाला. तोही सहज नाही, राज्यमंडळाच्या मनात एरिक त्रोले नावाचा वयाने मोठा सरदार होता. त्रोले हे नावही लक्षात ठेवा.

या बायकांचं रोजचं आयुष्य कसं होतं, त्यात मला फार रस आहे, कारण पुतळे बघून वाटतं की त्या सतत तटावर उभ्या असायच्या. तसं नव्हतं. मोठ्या घरची बाई म्हणजे किल्ल्या. खरोखरच्या लोखंडी किल्ल्या, कमरेला. धान्याच्या कोठीच्या, बिअरच्या तळघराच्या, कपड्यांच्या पेट्यांच्या. पाणी पिण्यापेक्षा बिअर जास्त प्यायची जात आणि ती घरीच बनायची. हेरिंग मासा खारवून, कॉड वाळवून, डुकराचं मांस मिठात घालून सहा महिन्यांचा हिवाळा काढायचा आणि ते मीठ स्वीडनमध्ये तयार होत नाही, ते जर्मनीतल्या ल्युबेकच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून यायचं, म्हणजे समुद्र बंद झाला की स्वयंपाकघरही बंद. कुळांकडून येणारा सारा कित्येकदा लोण्याच्या रूपात. नवरा लढाईला गेला की गढीची जबाबदारी बायकोकडे, हे त्या समाजात कोणाला विचित्र वाटत नव्हतं, तो घर सांभाळण्याचाच एक भाग होता. मला वाटतं पुढे क्रिस्टिनाने जे केलं ते समजायला ही गोष्ट फार उपयोगी पडते. तिने एक मोठं घर बंद केलं आणि किल्ल्या कोणाला दिल्या नाहीत, एवढंच.

आणि कायदा. चौदाव्या शतकातल्या मध्यावरचा मॅग्नस एरिक्सनचा देशकायदा तेव्हा चालायचा. त्यानुसार गावाकडच्या जमिनीत भावाला दोन वाटे आणि बहिणीला एक. मुलगी बापाच्या ताब्यात, मग नवऱ्याच्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बायकोला जमीनजुमला द्यायचा, त्याला सकाळची भेट असंच नाव होतं, मोरगॉनगोवा, आणि ते तिच्या वैधव्याची सोय म्हणून असायचं. म्हणजे लग्नाच्या पहिल्या सकाळीच तू विधवा झालीस तर काय, याचा हिशोब मांडलेला. ऐकायला कसंतरी वाटतं पण मला त्यात एक प्रकारची समजूतही दिसते. आणि विधवा झाल्यावरच बाई कायद्याने स्वतंत्र व्हायची. स्वतःची जमीन स्वतः बघायची, स्वतःचा शिक्का वापरायची. क्रिस्टिना पंचविसाव्या-सव्विसाव्या वर्षी स्वतंत्र झाली आणि लगेच तिला अख्खी राजधानी सांभाळावी लागली.

ते असं झालं. एरिक त्रोलेचा मुलगा गुस्ताव त्रोले आर्चबिशप, म्हणजे देशातल्या चर्चचा प्रमुख, झाला. बापाची जागा ज्याने घेतली त्या स्तेन स्तुरेशी त्याचं पटणं शक्यच नव्हतं. त्रोले डेन्मार्कच्या राजाशी संधान बांधतोय असा आरोप झाला, स्तेनने आर्चबिशपच्या आल्मारेस्तेकेतच्या किल्ल्याला वेढा घातला, आणि १५१७ च्या नोव्हेंबरात स्टॉकहोमला सभा भरली. सरदार, बिशप, शहरातले लोक. सभेने ठरवलं की या त्रोलेला आम्ही आर्चबिशप मानणार नाही, त्याचा किल्ला पाडून टाकायचा, आणि यासाठी पोपने बहिष्कार टाकला तर त्याचे परिणाम आपण सगळे मिळून भोगू, एकट्या कारभाऱ्यावर येऊ देणार नाही. हे सगळं लिहिलं गेलं आणि खाली एकेकाने मेणाचे शिक्के लावले. सही नव्हे, शिक्का. दोरीला लोंबणारे मेणाचे गोळे, प्रत्येकावर घराण्याचं चिन्ह.

हाच तो कागद. खरं तर चामड्याचा असणार, पण मी कागदच म्हणते.

एका बिशपने, लिंकोपिंगच्या हान्स ब्रास्कने, म्हणे आपल्या शिक्क्याच्या मेणाखाली एक चिठ्ठी लपवली होती, त्यावर लिहिलेलं की हे मी नाइलाजाने आणि जबरदस्तीने करतोय. ही दंतकथा असेल असं बरेच अभ्यासक म्हणतात. पण त्यावरून स्वीडिश भाषेत ब्रास्कलाप हा शब्द रुळलाय, म्हणजे ब्रास्कची चिठ्ठी, एखादं विधान करताना आधीच अंग काढून ठेवायची सोय. माझ्या ऑफिसमध्ये मीटिंगला आजही कोणी म्हणतं, "एक छोटा ब्रास्कलाप जोडतो हं." पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मजा वाटली होती. आता तो शब्द कानावर आला की मला क्रिस्टिना आठवते, ते का ते पुढे कळेल.

डेन्मार्कचा राजा क्रिस्टियन दुसरा, त्याने १५१७ आणि १५१८ मध्ये हल्ले केले, दोन्ही वेळा परतला, दुसऱ्या वेळी बोलणीसाठी ओलीस म्हणून आलेल्या माणसांनाच जहाजावर घालून घेऊन गेला, त्यात भाचा गुस्ताव वासा होता. मग १५२० च्या जानेवारीत भाडोत्री सैन्य घेऊन डॅनिश पुन्हा आले. या वेळी त्यांच्या हातात पोपचा बहिष्कार होता, म्हणजे आता ते नुसते आक्रमक नव्हते, धर्माचं काम करायला निघालेले होते. १९ जानेवारीला बूगेसुंदजवळ गोठलेल्या ओसुंदेन तलावावर लढाई झाली आणि सुरुवातीलाच तोफेच्या गोळ्याने स्तेनचा पाय गेला. माणसांनी त्याला स्लेजवर घातलं आणि स्टॉकहोमच्या दिशेने निघाले. जखमेसकट, त्या थंडीत, दोन आठवडे. ३ फेब्रुवारीला मेलारेन तलावाच्या बर्फावर, घराच्या जवळ येऊन तो गेला.

मेलारेन मी दर हिवाळ्यात बघते. फेब्रुवारीत त्यावर लोक स्केटिंग करतात, मुलांना स्लेजवर ओढतात. एकदा संध्याकाळी चारच्या सुमाराला, उजेड निळा होत चाललेला असताना, मी काठावर उभी होते आणि लांबून एक माणूस स्लेज ओढत येताना दिसला, स्लेजवर काहीतरी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं. त्याचं लहान मूल होतं, झोपलेलं. पण मला एकदम वाड्याच्या खिडकीत वाट बघत असलेली कोणीतरी आठवली आणि तिथे उभं राहवेना.

नवरा गेला, मोठे सरदार एकेक करून राजाशी तडजोड करायला लागले, मार्चमध्ये राज्यमंडळाने अटी घालून राजाला मान्यता देऊन टाकली. क्रिस्टिनाने दिली नाही. स्टॉकहोमचा किल्ला आणि शहर तिच्या हातात होतं आणि तिने दरवाजे बंद ठेवले. दक्षिणेला कालमारच्या किल्ल्यातही तसंच झालं, तिथला किल्लेदारही वारला आणि त्याची बायको अ‍ॅना बिएल्के हिने किल्ला धरून ठेवला. म्हणजे १५२० च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये डेन्मार्कला अडवून धरणारी दोन मोठी ठाणी होती आणि दोन्ही दोन विधवांकडे. कैदेतून निसटलेला गुस्ताव वासा मे अखेरीला उतरला तो कालमारपाशी, आणि त्याला आत घेतलं ते अ‍ॅनाने.

क्रिस्टिनाने थोरल्या मुलाला, निल्सला, समुद्रापलीकडे डान्झिगला पाठवून दिलं. सात-आठ वर्षांचा मुलगा. मदत मिळवायची होती म्हणून आणि वारस सुरक्षित राहावा म्हणूनही असेल. शेतकऱ्यांचं सैन्य जमवलं, त्यांनी गुड फ्रायडेच्या दिवशी, ६ एप्रिलला, उप्सालाला डॅनिश सैन्यावर चाल केली आणि जवळजवळ जिंकत आणलेलं, पण शेवटी हरले. मग बर्फ वितळलं. इथला वसंत म्हणजे आनंदाचा काळ, आम्ही सगळे उन्हात तोंड वर करून बसतो, पण त्या वर्षी बर्फ वितळलं म्हणजे समुद्र उघडला आणि समुद्र उघडला म्हणजे राजाचं आरमार आलं. मे महिन्यापासून शहर जमिनीवरून आणि पाण्यावरून दोन्हीकडून कोंडलं गेलं. तरी ती सप्टेंबरपर्यंत तगली. शहरातले लोक कंटाळले होते, पुढचा हिवाळा समोर दिसत होता आणि हेम्मिंग गाद नावाचा म्हातारा मुत्सद्दी, जो आयुष्यभर डेन्मार्कच्या विरोधात बोलला होता, तोच ओलीस राहून फिरला आणि राजाच्या बाजूने समजूत घालायला आला.

तिने असंच शहर सोडलं नाही. लेखी घेतलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला राजाने शिक्क्यानिशी लिहून दिलं की तुला, तुझ्या माणसांना, तुझ्या मेलेल्या नवऱ्याला, सगळ्यांना माफी, आजवर जे झालं ते झालं, आर्चबिशपच्या बाबतीत जे झालं तेही त्यात आलं. हा दुसरा कागद. ७ सप्टेंबरला राजा शहरात आला.

माझी आजी, म्हणजे आईची आई, एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. तीन मुलं. तिच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती, त्यात सातबाऱ्याचे उतारे, पावत्या, वाटणीपत्र, आजोबांचा मृत्यूचा दाखला, सगळं एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. तिला वाचता यायचं नाही पण कोणता कागद कुठला ते घड्यांवरून ओळखायची. दिरांनी विहिरीच्या पाण्यावरून भांडण काढलं तेव्हा ती वाटणीपत्र घेऊन कचेरीत गेली, यात माझ्या मालकांचा हिस्सा लिवलाय म्हणून. हिस्सा लिहिलेला होताच. पण त्याच कागदात खाली हेही लिहिलेलं होतं की वडिलांच्या नावचं सोसायटीचं कर्ज सगळ्या भावांनी सारखं वाटून फेडायचं, आणि ते तोपर्यंत कोणी तिच्याकडे मागितलेलं नव्हतं. विहिरीचं पाणी मिळालं आणि कर्जही मिळालं. त्यापायी एक तुकडा विकावा लागला. मी लहान असताना ही गोष्ट ती सांगायची तेव्हा दिरांना नावं ठेवायची नाही. एवढंच म्हणायची, "मीच नेऊन दिला गं त्यांच्या हातात."

आईला मी क्रिस्टिनाची गोष्ट सांगितली तेव्हा ती मेथी निवडत होती, ती थांबली आणि हेच म्हणाली. "म्हणजे आईसारखंच. तिनेच नेऊन दिला."

४ नोव्हेंबर १५२० ला क्रिस्टियनचा राज्याभिषेक झाला, स्तूरशिर्कान चर्चमध्ये, राजवाड्याला लागूनच आहे ते. मुकुट ठेवला आर्चबिशप गुस्ताव त्रोलेने. तोच, ज्याचा किल्ला पाडला होता. मग तीन दिवस मेजवानी. स्वीडनचे सरदार, बिशप, शहराचे पुढारी, सगळे बोलावलेले. राजाने काही जणांना नाईट हा किताब दिला, त्यात स्वीडिश एकही नव्हता, तेव्हा कोणाच्या तरी पोटात गोळा आला असेल. ७ तारखेला दुपारी सगळ्यांना किल्ल्याच्या मोठ्या दालनात बोलावलं. त्या किल्ल्याचं नाव त्रे क्रुनूर, तीन मुकुट, १६९७ मध्ये तो जळला आणि त्याच जागेवर आजचा राजवाडा उभा आहे. दारं बंद झाली. त्रोले उभा राहिला आणि त्याने तक्रार वाचून दाखवायला लावली. नावं घेऊन. मेलेला स्तेन स्तुरे, क्रिस्टिना, क्रिस्टिनाची म्हातारी आई सिग्रिद, आणखी काही जण. आरोप पाखंडाचा.

यात जी मेख होती ती आधी माझ्याही लक्षात आली नव्हती. राजाने माफी दिली होती, शिक्क्यानिशी. पण राजा राजाविरुद्धचे गुन्हे माफ करू शकतो, चर्चविरुद्धचे नाही. पाखंड म्हणजे देवाविरुद्धचा गुन्हा, त्याला राजाची माफी लागूच होत नाही. म्हणजे राजाने वचन मोडलं असंही म्हणता येऊ नये आणि माणसं मात्र हातात यावीत. तिने सहा महिने भांडून मिळवलेला कागद शब्दाने खरा राहिला आणि उपयोगाला शून्य.

तेव्हा क्रिस्टिनाने पहिला कागद पुढे केला. १५१७ चा. तिचं म्हणणं साधं होतं. हे एकट्या माझ्या नवऱ्याने केलेलं नाही, माझ्या आईने तर नाहीच नाही, हे सगळ्या राज्याने मिळून ठरवलं, हे बघा शिक्के.

आणि त्यांनी शिक्के बघितले. एकेक करून. तोवर आरोपींची यादी छोटी होती, आता ती मेणात ठसे उमटवून समोर आली होती. ब्रास्क म्हणे तेव्हा आपला शिक्का फोडून चिठ्ठी दाखवून सुटला. संध्याकाळी अंधार पडल्यावर सैनिक कंदील आणि मशाली घेऊन दालनात आले आणि माणसं वेचून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, धर्ममंडळाने सांगितलं की हो, हे उघड पाखंड आहे, आणि दुपारपासून स्तूरतोर्येत चौकात मुंडकी उडवायला सुरुवात झाली. आधी दोन बिशप, स्ट्रेंगनेसचा मॅथियस आणि स्काराचा व्हिन्सेंट. मग सरदार, त्यात सेसिलियाचा नवरा म्हणजे गुस्ताव वासाचे वडील एरिक योहानसन. मग शहरातले पुढारी, व्यापारी. काम दुसऱ्या दिवशीही चाललं. जल्लादाने नंतर आकडा सांगितला ८२. शनिवारी प्रेतं सोदेरमाल्मवर नेऊन जाळली, आणि स्तेन स्तुरेचं प्रेत जमिनीतून उकरून काढून त्याच आगीत टाकलं, त्याच्याबरोबर त्यांच्या एका लहान बाळाचंही.

या बाळाच्या वाक्यापाशी मी दर वेळी थांबते. मला पुढे काही लिहिता येत नाही त्यावर.

आज त्या चौकात नोबेल प्राइझ म्युझियम आहे, डिसेंबरात ख्रिसमसचा बाजार भरतो, गरम मसालेदार वाईन आणि जिंजर बिस्किटांचा वास असतो. एक लाल घर आहे, त्याच्या दर्शनी भागावर पांढरे दगड बसवलेत, आणि गाईड लोक सांगतात की एका मुंडक्यामागे एक दगड. ते घर आजच्या रूपात आलं ते शंभराहून जास्त वर्षांनी, त्यामुळे ती नुसती सांगोवांगी, पण पर्यटकांना आवडते. गाईड राजाला नावं ठेवतात, त्रोलेला ठेवतात, आणि क्रिस्टिनाचा उल्लेख आलाच तर तो या कागदापुरता येतो, की बिचारीने वाचवायला म्हणून कागद काढला आणि तीच मारेकऱ्यांची यादी ठरली. काही जणांच्या बोलण्यात थोडा दोषही असतो. घाई केली, विचार केला नाही.

मला हे पटत नाही, आणि ठामपणे सांगायचं तर मला राग येतो त्याचा. तिच्या जागी उभं राहून बघा ना. दारं बंद, आरोप आईवर आणि स्वतःवर, नवरा बोलायला नाही. हातात एकच पुरावा, आणि त्या पुराव्यात राज्यातल्या मोठमोठ्या लोकांनी लिहून दिलंय की परिणाम मिळून भोगू. तो कागद लिहिला गेला तो याच दिवसासाठी. तिने तो काढला नसता तर तो कशासाठी जपला होता? ज्यांनी शिक्के लावले त्यांच्यातला एकही त्या दालनात आपणहून उठून म्हणाला नाही की होय, आम्हीही होतो. ते त्यांच्या वतीने तिला म्हणावं लागलं. आणि भाषेत शब्द कोणाच्या नावाचा राहिला, तर ज्याने चिठ्ठी लपवली त्याच्या. जिने कागद उघडपणे पुढे ठेवला तिच्या नावाचा शब्द नाही.

तिचं काय करायचं यावर राजाने म्हणे तिला विचारलं, जाळू, बुडवू की जिवंत पुरू, आणि ती बेशुद्ध पडली. हे नंतरच्या लोकांनी लिहिलंय. म्हाताऱ्या सिग्रिदला पोत्यात शिवून बुडवायची शिक्षा ठोठावली होती, ती मालमत्ता देऊन वाचली. मग दोघींना, आणि सेसिलियाला, तिच्या मुलींना, आणखी कितीतरी घरच्या बायकांना पुढच्या वर्षी डेन्मार्कला नेलं आणि कोपनहेगनच्या किल्ल्यातल्या निळ्या मनोऱ्यात ठेवलं. तो काही खोल्यांचा वाडा नव्हता, तुरुंग होता. सेसिलिया तिथेच गेली. तिचा मुलगा तेव्हा बाहेर लढत होता आणि जिंकत होता. ६ जून १५२३ ला गुस्ताव वासा स्वीडनचा राजा निवडला गेला, आजही तो दिवस इथला राष्ट्रीय दिन म्हणून सुट्टीचा असतो, आम्ही पिवळेनिळे झेंडे लावतो आणि स्ट्रॉबेरीचा केक खातो. राजाच्या आईला सुटका बघायला मिळाली नाही. क्रिस्टियनला त्याच वर्षी डेन्मार्कमधूनच पळून जावं लागलं, आणि १५२४ च्या सुरुवातीला क्रिस्टिना परत आली.

आता ती तिशीची होती. भाचा गादीवर. आणि तिच्याकडे मुलगे होते, स्तुरे घराण्याचे, ज्या घराण्यावर डालार्ना प्रांतातले शेतकरी जीव टाकायचे. राजाला हे कळत होतं. गोटलंड बेटावरच्या किल्ल्यात बसलेल्या सोरेन नॉरबी या डॅनिश आरमारप्रमुखाने तिच्याशी लग्नाची खटपट सुरू केली तेव्हा तर राजा फारच सावध झाला, कारण विधवेशी लग्न म्हणजे त्या नावाशी लग्न. ते काही झालं नाही. तिने योहान तुरेसन या सरदाराशी लग्न केलं, त्याच्या ढालीवर तीन गुलाब होते, आणि पुन्हा एक मुलगा झाला.

पण त्याच सुमाराला तिसरा कागद यायचा होता. १५२७ मध्ये डालार्नात एक तरुण उगवला, म्हणाला मी निल्स स्तुरे, स्तेनचा थोरला मुलगा. तोच निल्स, ज्याला वेढा पडला तेव्हा समुद्रापार पाठवलं होतं. शेतकरी त्याच्या मागे गेले. राजाच्या बाजूचं म्हणणं असं की हा तोतया आहे, खरा निल्स त्याच वर्षी आजारपणात वारला. आणि हे सांगायचं कोणी? आईने. क्रिस्टिनाने कळवलं की हा माझा मुलगा नाही. तो तरुण नॉर्वेला पळाला, तिथून जर्मनीत रोस्टोकला, आणि १५२८ मध्ये तिथे त्याला मारलं.

तो तोतया होता असंच बहुतेक पुस्तकांत असतं. काही अभ्यासक म्हणतात तो खरंच निल्स असेल. मी त्या वादात पडत नाही. तो परका पोरगा असला तरी तिला आपल्या नुकत्याच गेलेल्या मुलाचं नाव घेऊन जाहीर करायचं होतं की माझा निल्स मेला, आणि तेही तो जिवंत असावा अशी आशा धरून बसलेल्या हजारो माणसांना. डोळ्यांतलं पाणी खळायच्या आत. आणि ती हेही ओळखून असणार की या तिच्या शब्दावर एका माणसाचा जीव जाणार आहे. तिच्या हातून निघालेल्या कागदाने माणसं मरतात हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी तिने सांगितलं. मागे धाकटा मुलगा स्वान्ते होता, आजोबांच्याच नावाचा, दहा वर्षांचा, आणि त्याला त्याच राजाच्या राज्यात वाढायचं होतं.

स्वान्ते वाढला. १५३४ मध्ये ल्युबेकच्या लोकांनी त्याला पकडून स्वीडनची गादी देऊ केली तेव्हा तो नको म्हणाला. हा मुलगा तिने कसा वाढवला असेल याचा मी पुष्कळ विचार करते. जेवताना, झोपताना काय सांगितलं असेल, कोणत्या गोष्टी सांगायच्या आणि कोणत्या नाही हे कसं ठरवलं असेल. त्याच्या बापाचं प्रेत उकरून जाळलं हे त्याला कोणी आणि कितव्या वर्षी सांगितलं असेल.

दुसरा नवराही तिच्याआधी गेला. जानेवारी १५५९ मध्ये, पासष्टीच्या आसपास, हॉर्निंग्सहोल्मच्या घरी ती वारली. स्टॉकहोमच्या दक्षिणेला, पाण्याकाठी. रक्तपातानंतर ती अडतीस वर्षं जगली, म्हणजे आयुष्यातला अर्ध्याहून जास्त भाग, आणि त्या अडतीस वर्षांची गाईड लोकांच्या भाषणात एकही ओळ नसते. ती जाऊन आठ वर्षं झाल्यावर उप्सालाच्या किल्ल्यात गुस्ताव वासाच्या मुलाने, राजा एरिकने, स्वान्तेला आणि त्याच्या दोन मुलांना मारून टाकलं. ते तिला बघावं लागलं नाही.

आई परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा राजवाड्याच्या अंगणात गेलो होतो. पहारा बदलून झाला होता, गर्दी पांगली होती, पुतळ्यापाशी आम्ही दोघीच. १९१२ मध्ये उभा केलेला पुतळा आहे तो, चारशे वर्षांनी. आई बराच वेळ बघत राहिली. मग पर्स उघडली, पासपोर्ट आहे का बघितलं, तिकिटाची प्रिंट आहे का बघितली, दोन्ही काढून पुन्हा नीट घडी घालून आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली.

"आईची ट्रंक अजून माळ्यावर आहे," ती म्हणाली. "या वेळी आलीस की काढू."

"त्यात काय असेल आता?"

"सगळं असेल. ती कुठे काय टाकायची? ते वाटणीपत्रसुद्धा असेल."

बस यायला सात मिनिटं होती. आम्ही उताराने पाण्याकडे चालायला लागलो.